चावीच्या आधी

समोरचा माणूस जे चित्र घेऊन येतो त्याच चित्रात आपण जाऊन बसायचं, आपल्या घरचं सामान तिथे न्यायचं नाही. गेली सतरा वर्षं मी नव्या समुपदेशकांना हे शिकवतेय, आणि शिकवताना त्यांच्यावर खेकसतेयसुद्धा. कुणी म्हणालं, "छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं," की लगेच "बाजूला करा ना तो" म्हणायचं नसतं रे बाबांनो. विचारा, दगड केवढा आहे. कधीपासून आहे. त्याच्या आधी तिथे काय होतं. हे "त्याच्या आधी काय?" तर मी त्यांच्याकडून इतकं घोकून घेतलंय, की माझ्या पाठीमागे ते माझ्या आवाजात एकमेकांना विचारतात म्हणे. करू देत नक्कल, शिकतायत ना!

म्हणूनच लिफ्टवाल्यांच्या बाबतीत जे केलं त्याची मला जास्त लाज वाटते.

हे गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करायचे. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, हाताला तेलाचा वास. पहिल्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी माझ्या खोलीचं दार दोनदा पुढेमागे करून पाहिलं. "बिजागरी कोरडी पडलीय," म्हणाले. मग बसले आणि हत्यारांची पिशवी मांडीवर घेतली. सगळा तास ती तिथेच होती.

"मला काही झालेलं नाही मॅडम. पोरीसाठी आलोय. ती येत नाही, म्हणून मी आलो."

मुलगी एकोणीस वर्षांची, घरात तिला चिऊ म्हणत. कॉलेजचं पहिलं वर्ष अर्ध्यावर टाकून एक दिवस घरी आली, खोलीत गेली, आतून कडी लावली. त्याला अकरा महिने झाले होते. काय झालं, कुणी काही बोललं का, कशाचा पत्ता नाही. घरात कुणी नसलं की बाथरूमपुरती बाहेर यायची. आई दाराशी ताट ठेवायची, ते अर्धंमुर्धं रिकामं होऊन परत यायचं. दोन डॉक्टर घरी येऊन बंद दाराशी बोलून गेले. आईने तर आता हात टेकले होते.

"लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकावी ना, तशी अडकलीय ती," लिफ्टवाले म्हणाले.

मी सावरून बसले. "लिफ्टमध्ये माणूस अडकला की तुम्ही काय करता?"

एवढा वेळ ओढून ओढून बोलणारा माणूस, त्याला एकदम वाचा फुटली. "आधी दाराशी जायचं. आरडाओरडा करायचा नाही. सांगायचं, मी आलोय, इथेच आहे, कुठे जात नाही. दाराची ओढाताण करू नका म्हणायचं. बोलता येत नसेल तर दोनदा ठोका म्हणायचं. लोक घाबरले की त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही."

"आणि ते काय विचारतात?"

"किती वेळ लागेल, दुसरं काय! मी सांगतो दहा मिनिटं. दोन तास लागणार असले तरी दहाच मिनिटं सांगतो." ते ओशाळून हसले. "खोटं असतं. पण खरं सांगितलं तर आतला माणूस खचतो. मग दर दहा मिनिटांनी परत दहा मिनिटं."

"आणि दार?"

"आमच्याकडे चावी असते. बाहेरून उघडता येतं."

त्या दिवसापासून कामावरून आले की लिफ्टवाले चिऊच्या दाराला पाठ लावून फरशीवर बसू लागले. पिशवी शेजारी. मी आहे इथे, म्हणायचे. मग दिवसभरात काय काय केलं ते सांगायचे. कुठल्या इमारतीत कुठला दोर बदलला, कुठल्या आजोबांनी लिफ्टमध्ये कपाट कोंबायचा हट्ट धरला. शेवटी म्हणायचे, बोलावंसं वाटत नसेल तर दोनदा ठोक. एक आठवडा गेला, दोन गेले, चार गेले. बायको म्हणाली, भिंतीशी काय बोलत बसता.

पाचव्या आठवड्यात ते आले ते जवळजवळ धावतच. "ठोकलं मॅडम! दोनदा!" आणि माझ्या टेबलावर ठोकून दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही आले. नंतर ती रोज ठोकू लागली. कपाटवाल्या आजोबांची गोष्ट तर म्हणे परत सांगायला लावली. गोष्ट संपली की दोनदा, पुन्हा संपली की पुन्हा दोनदा.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला बोलू? माझ्या विद्यार्थ्यांना मी नाव न सांगता ही हकिगत ऐकवलीसुद्धा. आणि पुढच्या भेटीत, तास संपता संपता, मी हसत हसत म्हणाले, "मग? आता चावी कधी काढताय?"

मला म्हणायचं होतं, दार जरासं किलकिलं करशील का असं तिला विचारून बघा. पण मी तसं म्हटलं का? नाही. मी चावी म्हटलं. आणि चावीच्या आधी काय असतं, हे मी विचारलंच नाही. मी! लिफ्टवाल्यांनी मान डोलावली आणि ते गेले.

पुढच्या भेटीला ते पिशवीशिवाय आले. दाराच्या बिजागरीकडे बघितलंही नाही.

"उघडलं मॅडम."

"कसं?" मी विचारलं.

"तिने दोनदा ठोकलं. मग मी फटीतून पट्टी घालून कडी सरकवली, आवाज न करता. आमचं कामच आहे ते. दार ढकललं, तर अडलं. वाटलं, खुर्ची-बिर्ची लावलीय. खांदा लावून जोर दिला." ते थांबले. स्वतःच्या खांद्याकडे बघत राहिले. "ती होती. दाराला पाठ लावून बसली होती. मी बाहेरून बसायचो तशीच, आतून."

मी हातातली वही मिटली.

"तोंडावर पडली. ओठ फुटला तिचा. माझ्याकडे असं बघितलं मॅडम... चोराकडे बघावं तसं. मग ओरडली, मी बाहेर झालो. तिने कपाट ओढून दाराला लावलं. त्याचा आवाज अजून कानात आहे."

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी तुम्हाला तसं सुचवायला नको होतं."

"नाही हो, मला कळायला हवं होतं," ते अगदी समजुतीने म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "बावीस वर्षं झाली या कामात. चावी लावायच्या आधी लिफ्ट नेमकी कुठे उभी आहे ते बघायचं असतं. आतला माणूस कुठे उभा आहे ते विचारायचं असतं. दारापासून लांब व्हा सांगायचं, आणि तो हो म्हणाला की मगच हात लावायचा. नवीन पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो आम्ही हे."

आम्हीही पहिल्याच दिवशी शिकवतो.

त्यानंतर मला सुचलं ते सगळं केलं. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना त्यांच्या घरी पाठवलं, मी स्वतः गेले. कपाट लावलेल्या त्या दाराशी उभी राहून मी माफी मागितली. आतून श्वाससुद्धा ऐकू आला नाही. मी चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवली, ती तशीच बाहेर परत आली. ताट आत जातं, अर्धंमुर्धं परत येतं, तेवढ्यावरून ती आहे एवढं कळतं. लिफ्टवाले अजून रोज दाराशी बसतात. आता दाराला टेकत नाहीत, वीतभर लांब बसतात. मी आहे इथे, म्हणतात. लिफ्टच्या गोष्टी सांगतात. दोनदा ठोक, असं मात्र म्हणत नाहीत. तिने नाही ठोकलं तर ती शांतता ऐकवणार नाही म्हणतात.

काल ते आले होते. पंचविसावी भेट. मला विचारायला एकही प्रश्न सापडेना. त्यांच्या चित्रात जाऊन बसायचं तर तिथे एक बंद दार, त्याच्याबाहेर एक बाप, आणि मी तिथे घालून ठेवलेला घोळ. कुठे बसू?

तास संपला. ते उठले, दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवून माझ्याकडे पाठ करूनच उभे राहिले.

"मॅडम, किती वेळ लागेल हो?"

मला काहीही माहीत नव्हतं. महिना की वर्षं, की कधीच नाही. ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. तरी ते थांबले होते.

"दहा मिनिटं," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. मग वळून परत आले आणि खुर्चीत बसले.