महाप्रसादाच्या दारी

भागीरथाबाईंचं नवऱ्याकडे, मारोतरावांकडे, एकच गाऱ्हाणं होतं. आमदार व्हा, मंत्री व्हा, पण महाप्रसादाला असं तोडू नका. हा महाप्रसाद म्हणजे देवळातला नव्हे, चांगला हाडामांसाचा माणूस. छत्तीसगढच्या खेड्यांत दोन मित्र गावासमोर नारळ देतात, जगन्नाथपुरीच्या प्रसादाचे दाणे एकमेकांना भरवतात आणि मितान होतात. त्या दिवसापासून ते सख्ख्या भावापेक्षा जवळचे. मात्र एकमेकांचं नाव पुन्हा कधी घ्यायचं नाही, 'महाप्रसाद' अशीच हाक मारायची. मारोतराव आणि तेजराम मिसरूड फुटायच्या वयात असे मितान झाले होते.

मारोतरावांचे वडील भंडाऱ्याकडून भिलाईच्या पोलाद प्लांटात नोकरीला आले आणि शिवनाथ नदीकाठी त्यांनी थोडी जमीन घेतली. प्लांटमध्ये चिकटायचं सोडून पोरगा चिखलात उतरला, धान लावू लागला. शेजारचं शेत तेजरामचं. तो यांच्याच अंगणात वाढलेला, त्यामुळे मराठी यांच्यासारखीच बोलायचा. कालव्याचं पाणी शेवटच्या गावांपर्यंत पोचत नसे, तेव्हा मारोतराव भागीरथाबाईंनी दिलेला डबा घेऊन सिंचन ऑफिसच्या पायरीवर बसायचे. साहेबानं हाकललं की झाडाखाली जायचे, साहेब जेवायला गेला की परत पायरीवर. शेवटी पाणी आलं, आणि पाण्यामागून आमदारकीही आली.

मग बिऱ्हाड भिलाईत वैशाली नगरात आलं. सकाळी अंगणात चपलांचा खच पडायचा. कुणाचं राशन कार्ड, कुणाचा हातपंप, कुणाच्या लेकीची बदली. मारोतराव प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकायचे. आमदारांच्यात हा गुण औषधालाही सापडत नाही, म्हणून सांगितला.

आणि अशा माणसानं घोडचूक केली. कालव्याच्या नव्या फाट्यासाठी तेजरामनं स्वतःच्या शेताची पट्टी फुकट दिली होती. उद्घाटनाला मंत्री, अधिकारी, सगळा गाव. हातातला कागद बघून मारोतरावांनी माईकवर वाचलं, "श्री तेजराम साहू यांनी शालीसाठी मंचावर यावं."

भर मंडपात मितानाचं नाव घेतलं होतं. तेजराम उठला, जागेवरूनच हात जोडले आणि शाल न घेता निघून गेला. तो परत या घरी आला नाही.

"सरकारी कार्यक्रम व्हता, माईकवर महाप्रसाद म्हनू का?" मारोतराव आधी गुरगुरले. मग चूक उमजली. माफी मागायला जायची मनाची तयारी होईपर्यंत निवडणूक येऊन ठेपली.

"अवो, आता त जा," भागीरथाबाई म्हणाल्या.

"आता कसा जाऊ? मत मागाले आला म्हनल त्यो."

"म्हनू द्या ना."

"नाई. त्याच्या दारी मी आमदार म्हनून जानार नाई."

कार्यकर्त्यांनी डोकं आपटलं. त्या गावात तेजरामच्या शब्दाला वजन होतं. पण मारोतराव बाकी सगळी गावं पायी फिरले आणि तेवढं एक टाळलं. भागीरथाबाईंनी स्वयंपाकघरात पदर डोळ्यांना लावला. निवडणुकीची काळजी होतीच, पण तिच्याहून मोठी एक होती. म्हातारपणी नवऱ्याला एकच जिवाभावाचा माणूस, तोही असा अबोल्यात जाणार की काय, या धास्तीनं त्यांचं अन्न गोड लागेना.

मारोतराव पडले, तेही थोडक्यात. दुसऱ्या दिवशी अंगणात एक चप्पल नव्हती. गरज सरो, वैद्य मरो. मारोतरावांनी चहा घेतला, आंघोळ केली, स्वच्छ धोतर नेसले आणि म्हणाले, "भागीरथा, चल."

कुठे, हे भागीरथाबाईंनी विचारलं नाही. देवघरातला नारळ उचलला आणि पायांत चपला सरकवल्या. पक्षाची गाडी गेलीच होती, चौकातून ऑटो केला.

दारात तेजरामची बायको गिरजाबाई धान पाखडत होती. पाहुणे बघून तिचं सूप थांबलं.

"आता सवड झाली का, भाऊजी?" ती म्हणाली. "महिनाभर घरोघर फिरले हे तुमच्यासाठी. नाव त घेता येत नाई. हात जोडून म्हनत, माह्या महाप्रसादाले मत द्या. पोट्टे हासत, पन समजत सारे."

या गावानं आपल्याला भरभरून मतं दिली, एवढं मारोतरावांना आकड्यांवरून कळलं होतं. गाव का दिलदार झालं, ते आता कळलं.

मागच्या गोठ्यातून तेजराम आला. अंगाला पेंढा चिकटलेला.

"सीताराम, महाप्रसाद," मारोतरावांनी हात जोडले. "चुकलो मी."

तेजरामनं खाट ओढली, हातानं झटकली आणि मित्राला बसवलं. मग स्वतः शेजारी बसला.

"एक सांगतो, राग नोका धरू," तो हळूच म्हणाला. "मतं मागतली मी, जीव तोडून मागतली. पन काल तुमी पडले म्हनून आयकलं, अन् मले बरं वाटलं. म्हनलं, आता तरी येतीन."

मारोतरावांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मलेबी बरंच वाटलं, महाप्रसाद," ते म्हणाले.

नारळ अजून भागीरथाबाईंच्याच हातात होता. नवऱ्याच्या विजयासाठी त्यांनी डोंगरगडच्या देवीला नवस बोलला होता, आणि काल रात्री तिच्यावर रुसूनही बसल्या होत्या. देवीनं आपलं ऐकलं नाही ते किती चांगलं केलं, असं त्यांना त्या खाटेशेजारी उभं राहून वाटलं.