समोरची गच्ची

"त्याला उतर म्हनून सांग," गुणाबाई मोरीत बसून कोलंबी सोलता सोलता म्हणाली. "चालती बोट मानसाला नेते नि परत आनते. उभी बोट मना बरी नाय वाटत."

मोनालीने भाविकाच्या तोंडातली मूठ हळूच बाहेर काढली आणि हसली. "आई, जहाज बंद नाही पडलेलं. थांबवलंय."

"तेच बोलते मी. बंद पडलेली दुरुस्त होते. थांबवलेलीचा काय करशील?"

मोनालीने ते मनावर घेतलं नाही. बी.कॉम. झालेली मुलगी. सासूच्या अशा बोलण्याला ती 'हो' म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची. तिचा नवरा धनेश मालवाहू जहाजावर कुक होता. चीफ कुकच्या परीक्षेला बसायचं तर अजून दोन महिने समुद्रावर काढायला हवे होते, आणि ते काढूनच ये, असं तिनेच त्याला फोनवर सांगितलं होतं. भाविका आठ महिन्यांची होती. बापाने तिला फोटोत बघितलं होतं, तेवढंच.

हे दोन हजार तीनच्या फेब्रुवारीतलं. धनेशचं जहाज अमेरिकेच्या सैन्याने भाड्याने घेतलं होतं. पोटात तंबू, ट्रक आणि कसल्या कसल्या पेट्या. हे सगळं तुर्कस्तानात उतरवायचं, तिथून रस्त्याने इराकच्या सरहद्दीवर न्यायचं आणि मग लढाई सुरू, असा बेत होता. तुर्कस्तान अमेरिकेचा जुना दोस्त, पन्नास वर्षांचा करार. पण दोस्त 'या' म्हणेना. तिथल्या संसदेत मत घ्यायचं होतं, ते आज-उद्यावर चाललं होतं, आणि तोवर जहाजं किनाऱ्यासमोर नांगर टाकून उभी.

सासरे काशिराम यांनी पनवेलच्या कोळीवाड्यात ओट्यावर बसून हा सगळा मामला दोन वाक्यांत संपवला होता. दोस्त काठ्या घेऊन आलाय आणि बोलतोय, तुझ्या अंगणातून जातो, शेजाऱ्याला मारायचाय. नाय बोललास तर दोस्ती गेली, हाव बोललास तर शेजार गेला. कुणीतरी विचारलं, मग आपला धन्या कुठं? काशिराम बिडी झाडत म्हणाले, तो दोघांच्या मधी, दारात उभा राहून भात शिजवतोय. ओटा हसला. मोनालीही हसली.

धनेशचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, जहाजावरच्या सॅटेलाइट फोनवरून, दुपारी उशिरा. आधी एक टक् असा आवाज, मग विहिरीत डोकावल्यासारखी शांतता, आणि मग तो. पहिल्या-पहिल्या फोनमध्ये वैतागच असायचा. समोर गाव आहे, मशिदीचे मिनार दिसतात, बाजारातली माणसं दिसतात, पण उतरायला परवानगी नाही. भाजी संपत आली, रोज डाळ, कॅप्टन कुणाशी बोलत नाही. मग एकदा म्हणाला की केरळचा सेकंड ऑफिसर त्याला दुर्बीण वापरू देतो. गावाच्या कडेला एक इमारत आहे. तिच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालते. लहान मुलाचे कपडे असतात.

"म्हणून उतरायची घाई नाही वाटतं," मोनाली म्हणाली.

"चेहरा नाही दिसत ग. पाठमोरीच असते."

त्यानंतरच्या फोनमध्ये वैताग कमी झाला आणि गच्ची वाढत गेली. डाळीचं नाव नाही, कॅप्टनचं नाव नाही. आज तिने कपडे उशिरा वाळत घातले. आज दोरी तुटली, बाईने गाठ मारली. मोनाली ऐकून घ्यायची. एवढे दिवस उभं राहिल्यावर माणसाने कुठेतरी जीव लावायचाच, असं तिने स्वतःला समजावलं. मात्र फोन ठेवल्यावर ती गच्चीवर गेली, आणि तिने आपल्या दोरीची गाठ बघितली. ती परवाच तुटली होती. दोऱ्या तुटतातच.

एक मार्चला भारत-पाकिस्तान मॅच होती. पनवेलभर फटाके वाजले, भाविका दचकून रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर मॅचच्या त्याच त्याच चित्रांमधून मोनालीला हवी ती बातमी सापडली. अमेरिकेला वाट द्यायचा ठराव तुर्कस्तानच्या संसदेत पडला होता. त्यात एक विचित्र गोष्ट होती, ती तिने दोनदा ऐकली. हो म्हणणारे जास्त होते, नाही म्हणणारे कमी. तरी ठराव पडला, कारण हजर होते त्यांच्या निम्म्याहून अधिक हो हवे होते आणि काही जण नुसतेच बसून राहिले. हो नाही आणि नाहीसुद्धा नाही. मोनालीला वाटलं, आता तरी जहाजं निघतील. ती निघाली नाहीत. परत एकदा मत घेतील, दोस्ती जुनी आहे, मोठे लोक बोलतायत, थांबा, असा निरोप आला म्हणे.

पुढच्या फोनला धनेशचा आवाज अगदी शांत होता.

"पिवळा फ्रॉक होता आज दोरीवर," तो म्हणाला. "खिशाला हिरव्या कापडाचं ठिगळ लावलेला. छान दिसतं ते."

मोनालीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. तो फ्रॉक तिच्या मांडीवर होता. भाविकाने खिसा ओढून फाडला म्हणून तिने ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्याचं ठिगळ काल लावलं होतं. फोटो काढला नव्हता, कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं ते नव्हतंच.

"तुला कुणी सांगितलं?"

"दिसतं ना इथून," तो म्हणाला, आणि लाईन गेली.

पनवेलच्या लाईन आळीत मोनाली राहायची त्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून समुद्र दिसायचा प्रश्नच नव्हता. एका बाजूला पाण्याच्या टाक्या, अँटेना, दुकानांच्या पाट्यांच्या पाठी. दुसऱ्या बाजूला लांब कर्नाळ्याचा सुळका. तरीही दुसऱ्या दिवसापासून मोनालीला तिथे पाठमोरं उभं राहवेना. ती टाक्यांना पाठ लावून कपडे वाळत घालायची. उतरवताना फ्रॉक कडक लागायचा, मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवल्यासारखा. टँकरचं पाणी, ती म्हणाली. खालच्या वहिनींनाही विचारलं, तुमचे कपडे कडक होतात का? त्यांचे होत नव्हते.

मार्च संपता संपता जहाजं हलली. तिकडून नाही तर इकडून, सुएझमधून कुवेतकडे. लढाई तोवर सुरू झाली होती. ज्यांना पुढे जायचं नाही त्यांना वाटेत इजिप्तमध्ये उतरवलं, आणि धनेश उतरला. विमानाने मुंबई, टॅक्सीने पनवेल. मोनालीने भाविकाला तोच पिवळा फ्रॉक घातला होता. दार उघडलं तर तो पायपुसण्याच्या पलीकडे उभा. बारीक झालेला, दाढी केलेला, हातात बॅग.

"येऊ का आत?"

तिला वाटलं, मस्करी करतोय. ती हसून बाजूला झाली. तो तरी उभाच. शेवटी तिने "ये" म्हटलं, तेव्हा त्याने पाऊल टाकलं.

तसं बघायला गेलं तर तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. तो भाविकाला घ्यायचा, तिला जोजवायचा, मच्छी आणायचा, चिरायचा, शिजवायचा. रागावला असा कधी नाही. पण ताट समोर असलं तरी 'जेव' म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. बस स्टँडवर आली तर चढायचा, पण उतरायच्या वेळी मोनालीकडे बघायचा. रात्री गादीच्या अगदी कडेला झोपायचा, मधली जागा कुणासाठी सोडावी तसा. गुणाबाई आली, तिने लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, त्याने तळलेला बोंबील खाताना बघत बसली. मग स्वयंपाकघरात येऊन मोनालीला म्हणाली, "सगला नाय आला गो तो."

मोनालीला राग आला. थकलाय, होईल बरा, असं ती तोडून बोलली. गुणाबाई मच्छीची पाटी उचलून निघून गेली.

एप्रिलमधली दुपार. धनेश आतल्या खोलीत झोपलेला, भाविका त्याच्या छातीवर. पंख्याचा आवाज आणि दोघांचा श्वास बाहेर ऐकू येत होता. फोन वाजला. मोनालीने उचलला. टक्. मग विहिरीतली शांतता.

"आज दोरीवरचे कपडे लवकर काढलेस," धनेश म्हणाला.

दारातून तिला त्याचे पाय दिसत होते, पलंगावरचे, एकावर एक ठेवलेले.

"ऐकतेयस ना? अजून परवानगी नाही आली. बाकीची सगळी जहाजं गेली, आम्हीच आहोत. समोर तू दिसतेस. मोना, काल तुझ्याबरोबर गच्चीवर एक माणूस होता. भाविकाला घेऊन. कोण आहे तो?"

काल संध्याकाळी धनेश वर आला होता खरा. बादली त्यानेच उचलली होती. ओरडावं, फोन आपटावा, आत जाऊन झोपलेल्याला हलवून जागं करावं, असं सगळं एकदम वाटलं. पण आवाज इतका ओळखीचा होता, आणि इतका घाबरलेला, की तिच्याच्याने त्याला दुखवेना.

"आपलाच आहे," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. "पोरीला नीट धरतो. बघितलं मी."

"तू उतर ना. ये घरी."

"कुणी 'ये' म्हटल्याशिवाय कसा उतरू? हो म्हणणारे जास्त आहेत म्हणतात. होईल."

"मी म्हणते ना, ये. ये तू."

लाईन गेली होती.

तिने कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात चौकशी केली. तिथल्या माणसाने सांगितलं की ते जहाज कुवेतला माल उतरवून, दुसऱ्या मालकाला विकलंसुद्धा गेलं. त्या किनाऱ्यासमोर आता आपलं काहीही उभं नाही. शंका नको म्हणून तिने नंबर कुठून येतो ते टेलिफोन खात्यात विचारलं. अशी नोंद नाही म्हणाले. डॉक्टरांकडेही गेली, स्वतःसाठी. बाळंतपणानंतर असं होतं, झोप घ्या, असं त्यांनी सांगितलं. तिने झोप घेतली. फोन येत राहिले.

कधी महिन्याने, कधी पावसाळा अख्खा फोनशिवाय जायचा. तो विचारायचा, भाविका चालायला लागली? मग म्हणायचा, दप्तर मोठं वाटतं ग तिला. तो काही मागायचा नाही. मोनालीला त्या आवाजाची भीती वाटायची, आणि फोन आला नाही की त्याहून जास्त. ती गच्चीवर परत पाठमोरी उभी राहू लागली. बघतोय तर बघू दे, असं तिला वाटायचं. दुसरं त्याच्याकडे आहे काय?

घरातला धनेश परत जहाजावर गेला नाही. तळोज्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये लागला. त्याच्या हाताची चव तिथे नावाजली. भाविका त्याच्या अंगाखांद्यावर वाढली, आणि बापाला दारात थांबायची सवय आहे, म्हणून "पप्पा, या" म्हणायची तिलाही सवय लागली. मोनालीने त्याला कधी काही सांगितलं नाही. एका रविवारी तो फोनच्या शेजारीच बसून लसूण सोलत होता आणि फोन वाजला. त्याने हात पुढे केला. मग तो मागे घेतला.

"तू घे," तो म्हणाला. "माझा नाही तो."

मोनालीने रिसीव्हर उचलला. त्याने मान वर केली नाही. लसणाची सालं फुंकून बाजूला केली.

"आणि जेवला का विचार त्याला," तो म्हणाला. "कुकला कुणी विचारत नाही."

तिने विचारलं. पलीकडे तो रडतोय असं तिला वाटलं, पण लांबच्या लाईनवर तेही नक्की सांगता येत नाही. त्यानंतर प्रत्येक फोनला ती आधी तेच विचारायची.

दोन हजार तेराच्या ऑगस्टमध्ये टीव्हीवर पुन्हा त्याच समुद्राची नावं यायला लागली. या वेळी देश दुसरा, सीरिया. पुन्हा दोस्त-दोस्तांत वाद, याचं सैन्य जाणार की नाही, त्याच्या संसदेने नाही म्हटलं, जहाजं समुद्रात तयार. धनेश कँटीनमधून आला की न बोलता टीव्ही बंद करायचा. त्याच महिन्यात एकदा फोन आला. आजूबाजूला पुष्कळ जहाजं येऊन उभी राहिलीत, म्हणाला तो, त्यामुळे गच्ची नीट दिसत नाही. जेवण झालं का, या प्रश्नाला उत्तर देण्याआधीच लाईन गेली.

मग फोन आलाच नाही. दिवाळी गेली, शिमगा गेला. इमारतीत सगळ्यांनी लँडलाईनचे फोन काढून टाकले. मोनालीचा तेवढा आहे, रोज रिसीव्हर उचलून ती आवाज आहे ना बघते. भाविका अकरा वर्षांची झाली, तिचे कपडे आता लहान मुलाचे दिसत नाहीत. त्याला ओळखू येतील की नाही, कोण जाणे.

पनवेल-उरणच्या घराघरांतून पोरं जहाजावर जातात. कुणी सुट्टीवर आलं की मोनाली त्याच्या घरी जाते, चहा घेते आणि एक काम सांगते. तुमच्याकडेही कुणी असेल, म्हणून ती तुम्हालाही सांगते आहे: तुर्कस्तानच्या त्या बाजूला गेलात तर तिथल्या आखातात शिरताना, गावासमोर, सगळ्यांपासून वेगळं एखादं जहाज नांगरावर उभं आहे का बघा. जुनं, माल नसलेलं. मागच्या डेकवर कुणी उभा असला तर त्याला हात करा. हाक ऐकू जाण्याइतके जवळ असाल, तर जेवलास का, एवढं विचारा. आणि काय म्हणाला, ते मला येऊन सांगा.