पाणी घातलं होतं

मी एक जुनी मोका आहे. मोका म्हणजे कॉफी करायची आठ कोनांची ॲल्युमिनियमची किटली. आमच्याकडे इटलीत घर तिथे मोका असतेच, त्यामुळे माझ्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. पण मित्रांनो, माझी जागा स्वयंपाकघरात आहे आणि घरातलं खरं बोलणं तिथेच होतं. मी ऐकते सगळं. बोलता मात्र येत नाही.

एर्सिलियाच्या लग्नात तिच्या मावशीने मला आहेर म्हणून दिलं. फेरारा गावातल्या तिच्या घरात पहिल्यांदा माझ्यात कॉफी झाली आणि एर्सिलियाने ती सरळ मोरीत ओतली. मी नापास झाले असं वाटून मला रडू आलं. धातूचा वास जावा म्हणून नव्या मोकाची पहिली कॉफी ओतूनच देतात, हे मला नंतर कळलं. पुढे माझ्या कॉफीसाठी शेजारपाजारचे लोक काहीतरी निमित्त काढून येत. मला कधी साबण लागला नाही. नुसत्या पाण्याने विसळायचं आणि पालथं घालायचं, हा एर्सिलियाचा नियम होता.

माझी रचना सोपी आहे. खालच्या भांड्यात पाणी, मधल्या गाळणीत पूड. पाणी तापलं की वाफेच्या जोराने पुडीतून वर चढतं आणि वरच्या भांड्यात कॉफी जमते. वाफ बाजूने निसटू नये म्हणून दोन भांड्यांच्या मध्ये एक रबराची चकती बसवतात. ती झिजते, मग बदलावी लागते. हे काम एर्सिलियाचे यजमान अमेदेओ करत. ते गेले आणि चकतीची आठवण ठेवणारं घरात कोणी उरलं नाही. एर्सिलियाने मुलाला, दारिओला, सांगून पाहिलं. तो आणतो म्हणाला, विसरला, आणि पुन्हा आठवण झाली तेव्हा ऑगस्ट लागला होता. ऑगस्टमध्ये आमच्याकडे दुकानदार कुलूप लावून समुद्रावर जातात. दारिओ म्हणाला, सप्टेंबरमध्ये बघू.

तोवर एर्सिलियाचंही विसरणं वाढलं होतं. चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा. नात जिनेव्रा हिला ती स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. एकटी राहत होती ती. मग दारिओने ठरवलं की या सुट्टीत आईला घेऊन फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स करायचं. तिला जुन्या इमारती, चित्रं बघायची किती हौस, असं तो सगळ्यांना सांगत होता. खरं तर हौस त्याचीच होती. एर्सिलियाने एकच अट घातली, की मोका बरोबर येणार. परक्या भांड्यातली कॉफी तिच्या घशाखाली उतरत नसे.

फ्लॉरेन्सला त्यांनी एक घर भाड्याने घेतलं होतं. तिथला पाव तोंडात घालताच एर्सिलिया म्हणाली, "हे लोक माझ्यापेक्षा विसरभोळे. पावात मीठच नाही." फ्लॉरेन्सचा पाव मुळातच अळणी असतो हे तिला ठाऊक होतं, पण टोमणा मारायची संधी ती सोडत नसे. एका चॅपेलमध्ये भिंतभर रंगवलेले संत आणि देवदूत बघून दारिओ तासभर बोलत राहिला. या चित्रकाराने सगळ्या देवदूतांना उपाशी का ठेवलंय, एवढंच तिने विचारलं. मी तिच्या पिशवीत होते. ती मला कुठेही मागे ठेवत नसे.

त्याच दुपारी एर्सिलिया आणि जिनेव्रा झोपल्या होत्या आणि मी ओट्यावर पालथी पडले होते. दारिओची बायको लोरेदाना हळू आवाजात सांगत होती, की तिने एक वृद्धाश्रम पाहून ठेवलाय. नन्स चालवतात, मागे बाग आहे. दारिओ चिडला.

"मला काय हौस आहे का?" लोरेदाना म्हणाली. "उद्या गॅस चालू ठेवून त्या झोपी गेल्या तर? तू राहणार आहेस का तिथे?"

दारिओ म्हणाला, "सकाळची कॉफी ती करते ना अजून? तोपर्यंत तिला घरी राहू दे. ज्या दिवशी ते चुकेल, त्या दिवशी तू म्हणशील तसं करू."

मित्रांनो, एर्सिलियाचं घर माझ्यावर टांगलं होतं आणि माझी चकती कडक होत चालली होती, तिला भेगा पडल्या होत्या.

रोममध्ये वाफ थोडी थोडी बाजूने निसटायला लागली. एर्सिलियाने मला फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "तुझेही गुडघे गेले वाटतं." कोलोसियमच्या दारात पहारेकऱ्याने तिची पिशवी उघडली आणि मला बाहेर काढून उलटसुलट पाहिलं. "पाणी तू दे, कॉफी मी देते," एर्सिलिया त्याला म्हणाली, तेव्हा रांगेतले सगळे हसले. दारिओही हसला. आई अजून शाबूत आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी मनात म्हटलं, अरे, हसतोस काय, मला उघडून आत बघ.

नेपल्सहून आम्ही पॉम्पेईला गेलो. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या त्या गावात एका घराच्या चुलीवर दोन हजार वर्षांपूर्वीची भांडी तशीच मांडलेली आहेत. जिनेव्राने विचारलं, "आजी, यांचं जेवण राहिलं का गं?"

"राहिलं. डोंगर फुटला म्हणून सगळे हळहळतात," एर्सिलिया म्हणाली. "नुसतं करपलं असतं, तर घरच्या बाईलाच बोलले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठली. तिने माझ्यात पाणी घातलं. नीट, खालच्या भांड्याला असते त्या वाफेच्या झडपेच्या खालपर्यंत, नेहमी घालायची तसं. पूड भरली, चमच्याने सारखी केली, मला घट्ट पिळून बंद केलं आणि गॅसवर ठेवलं. मग ती बाल्कनीत गेली. नेपल्समध्ये वरच्या मजल्यावरून दोरीने टोपली खाली सोडतात आणि बेकरीवाला तीत पाव ठेवतो. एर्सिलियाला ते फार आवडलं होतं. खालच्या मजल्यावरची तितिना तिला दोरी कशी धरायची ते ओरडून शिकवत होती आणि दोघी मुलींसारख्या हसत होत्या.

इकडे माझी चकती फाटली. पाणी वर चढेना, सगळी वाफ बाजूने निघून जाऊ लागली. कॉफी वर येताना मी जो आवाज करते, त्या आवाजाची एर्सिलिया वाट पाहत होती. तो आलाच नाही. पाणी संपलं, पूड जळाली, माझी मूठ वितळून वाकली. मित्रांनो, आमची जात पाणी असलं तरच बोलते. त्या दिवशी मला साधं गुरगुरताही आलं नाही.

धुराच्या वासाने सगळे धावत आले. दारिओने गॅस बंद केला, फडक्यात धरून मला उघडलं. खालचं भांडं कोरडं ठणठणीत होतं.

"आई, पाणीच घातलं नाहीस."

"घातलं होतं रे," एर्सिलिया म्हणाली. तिच्या हातात पावाची टोपली होती. तिने लोरेदानाकडे पाहिलं, जिनेव्राकडे पाहिलं. "घातलं होतं ना? मला वाटलं, घातलं होतं." मग ती खुर्चीवर बसली. "नसेल घातलं."

घातलं होतं, घातलं होतं, असं मी आतल्या आत ओरडत होते. लोरेदाना मला नळाखाली धरून रडत होती. तिलाही वाईटच वाटत होतं.

सप्टेंबरमध्ये एर्सिलिया वृद्धाश्रमात गेली. दारिओ तिचं घर आवरायला आला तेव्हा त्याने मला साफ करायला घेतलं. त्याने नखाने चकती उकरली आणि तिचे तुकडे होऊन त्याच्या तळहातावर पडले. तो ते बघत उभाच राहिला. मग ओट्याला टेकून खाली बसला. त्याच दुपारी त्याने नवी चकती आणून बसवली.

रविवारी तो मला घेऊन वृद्धाश्रमात गेला. नन्सनी त्याला शेगडी वापरू दिली. जुन्या चकतीचे तुकडे त्याच्या खिशात होते. आज तो आईला सगळं सांगणार, हे मला कळलं होतं आणि मला भरून आलं होतं. त्याने बागेतल्या बाकावर ट्रे ठेवला. एर्सिलियाने माझ्या वितळलेल्या मुठीवरून बोट फिरवलं.

"हिला मी जाळलं," ती म्हणाली.

"आई, ऐक ना, ती कॉफी..."

"अरे, माझीच चूक होती. ते एकदा मान्य केलं ना, तेव्हापासून मला इथे झोप लागते. नाहीतर रोज मनात आलं असतं, की माझ्या मुलाने मला उगाच घराबाहेर काढलं."

दारिओचा हात खिशात होता. तो खिशातच राहिला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची फार मोठी मागणी नसते. झिजलेली चकती वेळेवर बदला. आणि तुमच्या घरातलं म्हातारं माणूस 'मी केलं होतं' असं म्हणालं, तर लगेच मान हलवू नका. आधी भांडं उघडून नीट बघा. उशिरा बघितलंत, तर खरं सांगायचीही सोय उरत नाही.

एर्सिलियाने कॉफी संपवली, छान झाली म्हणाली. मग ती माझ्याकडे वाकली आणि दारिओला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "माफ कर हं बाई मला." आणि माझ्यात आता पाण्याचा थेंबही उरला नव्हता.