शिट्टी होईपर्यंत

परशुरामाचा गुडघा मुंबईत कामातून गेला आणि त्यापाठोपाठ परशुरामही वाडीत परत आला. गिरणीच्या संघातून तो बरीच वर्षं फुटबॉल खेळला होता. खेळत होता तोवर साहेबलोक खांद्यावर हात ठेवायचे; लंगडायला लागला तसं त्याला आधी संघातून आणि मग खात्यातूनही मोकळं केलं. अठ्ठावन्न सालच्या शिमग्याला तो बोटीने मालवणच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा त्याच्याजवळ एक ट्रंक, एक बूटजोड आणि एक पितळी शिट्टी होती.

वाडीत त्याला करण्यासारखं काही नव्हतं. इथलं पोट रापणीवर. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्याला आणायचे आणि सगळ्या वाडीने मिळून ते ओढायचे. ज्याचा हात दोराला, त्याचा वाटा. परशुरामाने ओढून पाहिलं. पण वाळूत पाय रोवायची वेळ आली की गुडघा दगा द्यायचा आणि मागचा माणूस त्याच्या अंगावर यायचा. दोनचारदा असं झाल्यावर त्याने आपणहूनच दोर सोडला. बायको सुभद्रा टोपली डोक्यावर घेऊन मासे विकायला जायची, आणि हा ओट्यावर बसायचा, उठायचा, समुद्राकाठच्या पुळणीपर्यंत जायचा, परत यायचा. वायच एका जाग्यार बसा, म्हणून सुभद्रा करवादायची. बसणार कसा? बसून खाणारा म्हणून लोक आपल्याकडे बघतात असं त्याला वाटे, आणि खरं सांगायचं तर काही जण बघतही होते.

अशात वाडीच्या पोरांनी एक पराक्रम केला. वाडीचा फुटबॉलचा संघ होता, आणि पायांत दम असला तरी डोक्यात वारं होतं. शेजारच्या गावी सामना खेळताना पंचाने गोल नाकारला, म्हणून या शूरवीरांनी पंचाला चौघांनी उचलून कंबरभर पाण्यात नेऊन बसवलं. पंच शाळामास्तर होता, धोतर नवं होतं. झालं, दसऱ्याच्या स्पर्धेतून वाडीचं नाव कापायची भाषा सुरू झाली. तेव्हा रापणीचे म्होरके आबा तांडेल शहरात जाऊन स्पर्धा भरवणाऱ्यांपुढे हात जोडून आले. कोणीतरी जबाबदार माणूस संघावर नेमतो, असं कबूल करून आले. जबाबदार आणि रिकामा असा वाडीत एकच माणूस होता.

नारळी पौर्णिमा झाल्यावर सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी परशुराम बूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून ओहोटीच्या पुळणीवर उभा राहिला, आणि पोरं आली सूर्य बुडायच्या बेताला. गोलात उभा राहणारा धोंडू, एक नंबरचा चेष्टेखोर, त्याने शिट्टीला लांबूनच सलाम ठोकला आणि मास्तर, गाडी खंय जाता म्हणून विचारलं. सगळे खो खो हसले. सगळ्यात मोठ्याने हसला सत्यवान, आबा तांडेलांचा मुलगा. त्याच्या पायात चेंडू आला की समोरचे तिघे नुसते बघत राहायचे, आणि हे त्याला स्वतःला फार चांगलं माहीत होतं. सरावाच्या मध्येच तो जेवायला जायचा. रागावला तर चेंडू समुद्रात मारायचा, आणि आणायलाही दुसऱ्यालाच पाठवायचा.

परशुरामाने आरडाओरडा केला नाही. त्याने एकच कायदा सांगितला: शिट्टीनंतर जो येईल तो खेळणार नाही. कोणी मनावर घेतलं नाही. मग भाद्रपदात बाहेरचा एक संघ मैत्रीचा सामना खेळायला आला, आणि सत्यवान धरून चौघे जण आपल्या चालीने उशिरा उगवले. परशुरामाने त्यांना रेषेबाहेर बसवलं आणि सात जणांनिशी सामना खेळवला. गोल इतके झाले की धोंडूने शेवटी मोजायचं सोडून दिलं. सारी वाडी काठावर उभी राहून शिव्या घालत होती. परशुरामाचे हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवलेले होते, पण त्याने चौघांना आत घेतलं नाही. सामना संपल्यावर सत्यवान त्याच्या अंगावर धावून आला. लंगड्या माणसाने आम्हाला धावायला शिकवू नये, असं काहीतरी बोलला. परशुराम म्हणाला, उद्या वेळेवर ये.

सत्यवान चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला तो सगळ्यांच्या आधी. का आला ते त्याने सांगितलं नाही आणि परशुरामाने विचारलं नाही. पण त्या दिवसापासून पोरं बदलली हे मात्र खरं. शिट्टी झाली की थांबायची, दुसरी झाली की धावायची. दसऱ्याच्या स्पर्धेत त्यांनी एकामागून एक सामने घेतले, आणि पंच प्रत्येक वेळी कोरडाच घरी गेला. शेवटचा सामना वेंगुर्ल्याच्या संघाशी, आपल्याच पुळणीवर ठरला.

एवढं होऊनही परशुरामाला स्वस्थता नव्हती. त्याची धास्ती वेगळीच होती. त्या साली समुद्र रुसला होता. गणपती गेले, नवरात्र सरलं, तरी बांगड्याचा पत्ता नव्हता. सुभद्रेची टोपली आठवड्यातून चार दिवस घरीच पालथी असायची, आणि चुलीवर नुसती पेज. माडावर टेहळणीला माणूस बसवलेला, सगळ्या वाडीचे डोळे पाण्यावर. मासा दिसल्याची हाक आली की हातातलं काम टाकून धावायचं, ही इथली पिढ्यान् पिढ्यांची सवय. गेल्या वर्षी अशीच हाक आली आणि सगळा संघ चालू सामना सोडून पळाला होता. चेंडूसुद्धा तिथेच राहिला होता. ऐन सामन्यात तसंच झालं तर? मैदान सोडलं तर सामना गेला, आणि परशुरामाच्या मते त्याच्याबरोबर तोही गेला.

म्हणून सामन्याच्या दिवशी सकाळी तो पोरांना घेऊन वडाखालच्या देवचारापाशी गेला. देवचार हा वाडीचा राखणदार. त्याच्यापुढे दिलेला शब्द मोडायची कोणाची छाती नसते. परशुरामाने नारळ ठेवला आणि धोंडूला गाऱ्हाणं घालायला लावलं. चेष्टेखोर धोंडू तिथे मात्र सरळ उभा राहिला.

"बा राखणदारा म्हाराजा, ही अकरा पोरां तुझ्या पायाकडे उभी आसत. मास्तर शिट्टी मारीसर ह्यांच्यातलो कोण मैदान सोडूचो नाय. सोडल्यान तर तेचा काय ता तू बघून घे."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

घरी आल्यावर सुभद्रेने ऐकलं आणि तिला ते आवडलं नाही. खेळात देवाला मध्ये घालू नये, तिने स्पष्टच सांगितलं. परशुराम बूट पुसत राहिला.

दुपारी ओहोटीने पुळण रुंद केली. वेंगुर्ल्याची पोरं एकसारखे सदरे घालून आलेली, आणि खेळायचीही तशीच, एका मेळाने. पहिला अर्धा भाग बरोबरीत गेला. परशुराम रेषेवरून इकडून तिकडे लंगडत होता, नखं खात होता.  दुसऱ्या भागात सत्यवानाने चेंडू घेतला, दोघांना झुलवलं आणि गोलाच्या बांबूंमधून असा मारला की वेंगुर्ल्याचा गोलवाला नुसता बसला. काठावर एकच कल्ला झाला. थोडाच वेळ उरला होता.

आणि माडावरून हाक आली. बांगडा आला होता.

पाणी खडकांच्या अलीकडे काळपट दिसत होतं, वर पक्षी तुटून पडत होते. बघता बघता काठ रिकामा झाला. बाया, म्हातारे, पोरंटोरं, सगळी होडीकडे धावली. मैदानावर चेंडू एकटाच घरंगळत गेला. अकराच्या अकरा जण जागच्या जागी उभे राहिले. वेंगुर्ल्याची पोरंही उभी राहिली. तीही दोराला हात लावूनच वाढलेली, त्यांना सगळं कळत होतं. पण पंचाने खेळ थांबवला नाही, आणि त्यांच्यातल्या एकाने नाइलाजाने चेंडूला पाय लावला तसा खेळ पुन्हा रडतखडत सुरू झाला.

आबा तांडेल धावत रेषेपाशी आले. गाऱ्हाण्याची गोष्ट त्यांच्या कानांवर गेलेली होती, म्हणून त्यांनी मुलाला हाक मारली नाही. ते परशुरामापुढे उभे राहिले.

"परशा, वल्ही मारणारे सगळे तुझ्याकडे आसत. शिट्टी मार."

परशुरामाने मैदानाकडे पाहिलं. पोरं पळत नव्हती. वाऱ्यावर उडणारी ती पोरं, पोटाची हाक आली असताना, खेळता खेळता त्याच्याकडे बघत होती. सत्यवान त्याच्याकडे बघत होता. गिरणी सुटल्यापासून असं कोणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. त्याच्या छातीत काहीतरी भरून आलं, आणि ते इतकं गोड होतं की त्याला ते एवढ्यात संपायला नको होतं. थोडाच वेळ, त्याने मनाला सांगितलं. मासा काय, लगेच थोडाच जातो.

"वायच थांबा, आबा," तो म्हणाला.

आबा वळले. होडीकडे जाताना त्यांनी पोरांकडे हात करून काहीतरी ओरडून सांगितलं, पण परशुरामाचं तिकडे लक्ष नव्हतं. म्हाताऱ्यांनी आणि बायांनी मिळून होडी पाण्यात लोटली, चार म्हातारे वल्ह्यांवर बसले. पहिल्याच लाटेने होडी आडवी केली. ती सरळ करेपर्यंत दुसरी लाट आली, आणि होडी पुन्हा वाळूला लागली.

शिट्टी परशुरामाच्या ओठांत होती. आत्ता वाजवतो, आत्ता, असं म्हणत तो ती चावत राहिला. तेवढ्यात खडकांपलीकडून होडीचं नाक दिसलं. शेजारच्या वाडीची होडी. इथला रिवाज असा की ज्याचं जाळं आधी पडेल, त्याचा मासा; मग दुसऱ्याने काठावर उभं राहून बघायचं. ती होडी भराभर येत होती, तिच्यावर सगळी तरणी पोरं होती.

सुभद्रा रिकामी टोपली कमरेला धरून रेषेपाशी येऊन उभी राहिली.

"समोर काय चल्ला हा ता तुमका दिसता मां?" तिने हलकेच विचारलं.

दिसत होतं. मघापासून दिसत होतं. परशुरामाने शिट्टी वाजवली.

पोरं अशी सुटली की वेंगुर्ल्याचा एक जण धक्क्याने आडवा झाला. त्यांनी होडी उचलल्यासारखी पाण्यात घातली, सत्यवान पुढच्या वल्ह्यावर. पण ती लाटांपलीकडे जाते न जाते तोच शेजारच्यांचं जाळं धपाधप पाण्यात पडायला लागलं होतं. सत्यवानाने वल्हं वर घेतलं. होडी तिथेच थोडा वेळ डोलत राहिली आणि मग मागे वळली. इकडे पंचाने घड्याळ बघून सामना वेंगुर्ल्याला दिला. त्यांनी आनंद केला नाही. कप घेऊन मुकाट्याने गेले.

शेजारच्या वाडीने त्या दिवशी इतका बांगडा ओढला की ठेवायला टोपल्या पुरेनात. सुभद्रा त्यांच्याकडे विकत घ्यायला गेली. आपल्या समोरचा मासा दुसऱ्याकडून विकत घ्यायचा, हे तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं.   कोणीतरी शिव्या द्याव्यात म्हणून परशुराम मुद्दाम होड्यांमधून फिरला, तर लोक बाजूला सरून त्याला वाट देत होते. त्याचा जीव नुसता तळमळत होता.

सत्यवान न भिजलेलं जाळं होडीतून उतरवत होता. परशुराम त्याच्यापाशी जाऊन थांबला. जे सोपं होतं ते बोलला.

"देवाचो शब्द तरी राखलास तुमी."

सत्यवानाने जाळं खाली ठेवलं. तो रागावलेला नव्हता, आणि हेच परशुरामाला सोसत नव्हतं.

"देवाचा काय, मास्तर. आबान आमका होडयेकडे जातानाच हात करून, आरडून सांगलेला, देवचाराक कोंबो देवया, तुमी येवा. कोंबो दिलो काय तो इसारता." त्याने जाळ्याची एक घडी सारखी केली. "आमी तुझ्या तोंडाकडे बघी होतंव. म्हटला, मास्तर थांबयता म्हणजे तेका काय तरी दिसत असतला."

 मला काही दिसत नव्हतं रे, तुम्ही थांबलात तेवढंच बघत बसलो मी, हे आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं म्हणून परशुरामाने तोंड उघडलं. पण त्याच्या आधीच सत्यवानाने जाळं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि विचारलं, उद्या सरावाक सगळ्यांनी कधी येवचा.