नव्वद दिवसांचा केक

इराणातल्या आमच्या किरमान शहरात कोणी अफू ओढतो असं कळलं, तर लोक विचारतात, चांगली कुठे मिळते? पण कोणी डोक्यासाठी गोळी घेतो असं कळलं, की त्या घराशी सोयरीक नको म्हणतात. मी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूमिती शिकवली. या गणिताची सिद्धता मात्र मला अजून सापडलेली नाही.

माझा धाकटा भाऊ जहांबख्श, म्हणजे आमचा जहान, कूलर दुरुस्त करतो. उन्हाळ्यात इथे त्याला डॉक्टरपेक्षा जास्त मान असतो. पण त्याच्या स्वतःच्या डोक्यातलं हवामान सांभाळणारा कोणी नव्हता. वर्षातून दोनदा तो आभाळात जाई, आणि तिथून उतरला की थेट तळघरात. तळघरात असला की भिंतीकडे तोंड करून पडून राही आणि मी त्याला चमच्याने सूप भरवी. आभाळात असला की झोप नाही, भूक नाही, नुसता उत्साह. एकदा ऐन थंडीत, पहाटे, त्याने गल्लीतल्या चौदा गच्च्यांवर चढून गोणपाटात बांधून ठेवलेले चौदा कूलर उघडले, घासले, पाणी भरून चालू करून दिले. बाहेर बर्फ पडत होता. गल्लीतली म्हातारी माणसं पंधरा दिवस खोकत होती आणि तो मात्र कोणी आभार मानले नाहीत म्हणून रुसला होता.

अफूने दोन्ही त्रास बोथट होतात, असा शोध त्याला तिशीत लागला. मग दहा वर्षं ओढली.

मी त्याला आधी मनोरुग्णांच्या दवाखान्यात नेलं. ते म्हणाले, "आधी अफू सोडवा, मग डोक्याचं बघू." मग समोरच्याच इमारतीत व्यसन सोडवायच्या छावणीत नेलं. ते म्हणाले, "आधी याचं डोकं ठिकाणावर आणा. हा रात्रभर गातो, बाकीचे झोपू शकत नाहीत." सहा महिने मी त्याचा दंड धरून तो रस्ता ओलांडत होते. चौकातला वाहतूक पोलीस मला बघून गाड्या थांबवायला लागला.

शेवटी डॉक्टर शहरबानो भेटल्या. तिशीतली बाई, दोन खोल्यांचा नवा दवाखाना, भिंतींना अजून रंगाचा वास. माझी कहाणी ऐकून त्या म्हणाल्या, "दोन्ही पाय मोडलेल्या माणसाला आधी एका पायावर चालून दाखव असं सांगतात का, खानम?" त्यांनी अफूचं औषध आणि डोक्याची गोळी एकाच दिवशी सुरू केली. अफूचं औषध सहा महिन्यांत हळूहळू बंद झालं. गोळी कायमची. अकरा महिने झाले, ना आभाळ ना तळघर. जहान वेळेवर जेवायचा, वेळेवर झोपायचा, आणि थंडीत कोणाच्या गच्चीवर जायचा नाही.

सुखाने राहता आलं असतं, पण आका नुसरतचं मंडळ होतं ना.

दर शुक्रवारी गालिच्यांच्या जुन्या गोदामात व्यसन सोडलेली चाळीस माणसं जमतात. आका नुसरत त्यांचे प्रमुख. स्वतः चौदा वर्षं स्वच्छ आहेत. मधुमेहाचं इंजेक्शन, रक्तदाबाची गोळी, दिवसाला दोन पाकिटं सिगारेट आणि वीस पेले चहा एवढं सोडलं, तर अंगात काही म्हणजे काही जात नाही. त्यांचा नियम असा की डोक्यावर चालणारी कुठलीही गोळी म्हणजे नशाच, घेतली की दिवसांची मोजणी शून्यावर. जहान रोज गोळी घ्यायचा. म्हणून अकरा महिने, दर शुक्रवारी, तो उभा राहून सांगायचा, "मी जहांबख्श. आज माझा पहिला दिवस." मग चाळीस माणसं टाळ्या वाजवायची आणि नवख्याला देतात ती केशरी खडीसाखरेची कांडी त्याच्या हातात ठेवायची. आमच्याकडे शेहेचाळीस कांड्या साठल्या.

"सोड ते मंडळ," मी म्हणाले.

"आबजी," बहिणीला म्हणतात तसं तो म्हणाला, "तिथे मला कोणी वेडा म्हणत नाही."

"नवखा म्हणतात. दर आठवड्याला!"

"प्रेमाने म्हणतात ग," तो म्हणाला.

अशात त्याच्या मुलीला, निकताला, मागणी आली. निकताची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हा तिचं सगळं मीच, तिच्या अम्मेजानने, म्हणजे आत्याने, केलेलं. मुलगा बेहराद, रफसंजानच्या पिस्तेवाल्यांच्या घरातला, गालावर खळी. निकताला फार आवडला होता. मला सांगायची नाही, पण दातांच्या दवाखान्यातल्या कामावरून यायची ती गुणगुणत. रीतीप्रमाणे मुलाचे काका, हाजी यदुल्ला, चौकशीला आले. नानवाल्याला विचारलं, किराणावाल्याला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं. सगळ्यांनी जहानच्या कूलरची तारीफ केली. मग ते आमच्याकडे चहाला बसले आणि नेमकी त्यांना फ्रिजवरची डबी दिसली.

"या गोळ्या कसल्या, खानम?"

"अफू सोडवायच्या," मी पापणी न लववता सांगितलं.

हाजींचा चेहरा खुलला. "असं होय! मी घाबरलोच. आमचे थोरले बंधूही ओढायचे. काय दिलदार माणूस! मला वाटलं डोक्याचं काही आहे की काय." मग साखरेचा खडा दातात धरून चहाचा घोट घेतला. "सुटली का पण पूर्ण? तेवढं नुसरतना विचारून येतो."

आका नुसरत खोटं बोलत नाहीत. हीच तर त्यांची मोठी खोड आहे.

"जहांबख्शला स्वच्छ होऊन किती दिवस झाले?"

"एक."

"अकरा महिने येतोय ना तो?"

"येतो की. रोज एकच होतो."

हाजी परत आले ते मुलाच्या घरचा निरोप घेऊन. नव्वद दिवस पुरे होऊ देत, मंडळात केक कापू देत, त्याच दिवशी बोलणी पक्की करू.

आता इथे मला थांबून सांगायला हवं. या गोष्टीत मी सगळ्यांना नावं ठेवली, मग माझं एकटीचं कसं झाकून ठेवू? मीच जहानला म्हणाले, "नव्वद दिवसांचा तर प्रश्न आहे. तेवढे गोळी थांबव, मग घे पुन्हा." डॉक्टर शहरबानोंना विचारलं नाही. त्या काय म्हणतील ते मला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही. निकतालाही कळू दिलं नाही. "पोरीसाठी ना?" जहान म्हणाला, आणि डबी कपाटात ठेवली.

चाळीस दिवस काही झालं नाही. मी मनात म्हटलं, डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. पन्नासाव्या दिवशी तो पहाटे चारला उठून शीळ घालत अंगण झाडत होता. एकोणसत्तराव्या दिवशी मंडळात पाऊण तास बोलला. सूर्य, कूलरचा पंप, पाण्याचं चक्र आणि माणसाचा आत्मा हे सगळं एकाच पाइपातून कसं वाहतं, ते त्याने समजावलं. कोणाला काही समजलं नाही आणि सगळे रडले. आका नुसरत डोळे पुसत म्हणाले, "हाच तो स्वच्छतेचा प्रकाश!" पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या मंडळांतली माणसं त्याला ऐकायला आली. हाजी यदुल्लाही येऊन बसले. अकरा महिने शहाणा होता तेव्हा त्याला कोणी विचारलं नव्हतं. आता दोनच तास झोपत होता, तर लोक त्याचे हात चुंबत होते. मला सगळं दिसत होतं आणि मी दिवस मोजत होते.

नव्वदाव्या दिवशी सकाळी निकता कपाटातली डबी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने नुसता फोन उचलला. डॉक्टर शहरबानो म्हणाल्या, सुट्टी असली तरी दवाखाना उघडते, आजच आणा, पहिली गोळी आत्ता द्या.

"केक होऊ दे," मी म्हणाले. "दोन तास फक्त, निकता. तुझं लग्न—"

"अम्मेजान, दोन तासांनी बाबा कुठल्या गच्चीवर असतील?"

पण जहान घरी होताच कुठे? तो पहाटेपासून गोदामात होता.

आम्ही पोचलो तेव्हा गोदाम खच्चून भरलेलं. केक मांडलेला, त्यावर पिस्त्याच्या चुऱ्याने नव्वदचा आकडा. पुढच्या रांगेत हाजी आणि बेहराद. जहान शर्टाच्या बाह्या सरसावून बोलत होता, घामाने भिजलेला, त्या थंडीत. शहरातल्या प्रत्येक घराला तो फुकट कूलर बसवणार होता. पण त्याआधी या गोदामाचं छप्पर काढायचं होतं, म्हणजे सगळ्यांना वरची हवा लागेल. हे सांगत तो झरोक्याला टेकवलेल्या शिडीवर चढायला लागला आणि लोक टाळ्या वाजवायला लागले.

"असा व्याही नशिबाने मिळतो," हाजी मागे वळून मला म्हणाले.

निकता गर्दीतून पुढे गेली. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्यात गोळी.

"बाबा, खाली या. गोळी घ्या."

आका नुसरत लगबगीने आडवे आले. "अग पोरी, नव्वद दिवस! आज घेतली तर—"

"शून्य. माहीत आहे मला."

"अफूचीच ना ती?" हाजींनी विचारलं. "मग आता कशाला? सुटली ना?"

निकता माझ्याकडे वळली. मी बोलले असते तर तिला बोलावं लागलं नसतं. मी केकवरचा आकडा बघत राहिले.

"डोक्याची आहे, हाजी आका," ती म्हणाली. "बाबांना अफूचं व्यसन होतं आणि डोक्याचा आजार आहे. दोन्ही. एकाचं औषध संपलं. दुसऱ्याचं जन्मभर चालणार."

हाजींनी तसबीहची माळ खिशात घातली, दाराशी जाऊन बूट चढवले आणि निघाले. बेहराद उठला. निकताकडे एकदा बघितलं. मग तोही काकांच्या मागे गेला.

जहान शिडीच्या चौथ्या पायरीवर थबकला होता. दाराकडे बघत होता. मग एकेक पायरी उतरला, लेकीच्या हातातली गोळी घेतली आणि गिळली.

"मोडलं का ग?" त्याने हळूच विचारलं.

"मोडलं," निकता म्हणाली. "पाणी संपवा सगळं. डॉक्टर वाट बघताहेत."