दुसऱ्याच मांडवातलं बाळ

झिगिंशोरची बोट सकाळी डकारच्या धक्क्याला लागली, तेव्हा नफी साग्नाचा फोन बंद पडला होता. आज तिच्या नातवाचं बारसं. लेकीचं घर तिने कधी पाहिलं नव्हतं. पार्सेल वस्तीत, शिंप्याच्या दुकानासमोर, एवढंच जावयाने सांगितलेलं.

टॅक्सीवाल्याने दार उघडण्याआधी आडनाव विचारलं.

"साग्ना."

"म्हणजे जोला. आमची गुलाम माणसं. बस मागे. आणि पदराखाली भात लपवला असशील तर आत्ताच सांग."

नफीला एकदम हायसं वाटलं. "तू सेरेर दिसतोस. म्हणूनच सकाळी सकाळी दुसऱ्याच्या भाताचा वास येतोय तुला."

"मी लातिर फाय," तो हसत म्हणाला. जोला नि सेरेर या दोन जमातींची माणसं भेटली की एकमेकांना गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, आणि कुणी रागवायचं नाही, ही जुनी रीत. भाडं ठरवायला मग फार वेळ लागला नाही.

पार्सेलमध्ये शिरल्यावर कळलं की इथे गल्लीगल्लीत शिंपी बसतो. लातिर प्रत्येक दुकानापाशी थांबून विचारी, "बारसं कुठे आहे हो?" शिंपी मशीनवरून मान न उचलता पुढे बोट दाखवत.

"मावशी, जावयाने तुला मुद्दाम चुकवलंय. सासू जेवायला नको म्हणून."

"गाडी नीट चालव. वाट चुकणारा तू आणि नाव जावयाचं."

शेवटी एका शिंप्यासमोर मांडव दिसला. खुर्च्या, भल्यामोठ्या पातेल्यांचा धूर, नटलेल्या बायका. नफी गाडी नीट थांबायच्या आत उतरली.

"बाळाची आजी आलीय, बोटीने," लातिरने वर्दी दिली. बायकांनी तिला हाताला धरून मानाच्या जागी बसवलं, पुढ्यात दह्यातली बाजरीची लापशी ठेवली. बाळाची आई आत कपडे बदलत होती. कुणीतरी बाळ आणून नफीच्या मांडीवर ठेवलं. ते तिच्याकडे बघत राहिलं आणि तिला रडू आवरेना. "अगदी माझ्या नवऱ्याचं कपाळ," ती म्हणाली. तिने त्याच्या टाळूवर हात ठेवून आयुष्य मागितलं, शहाणपण मागितलं, भरल्या घरातली झोप मागितली.

तेवढ्यात सोनेरी झग्यातली एक मुलगी बाहेर आली. नफीने तिला पाहिलं, तिने नफीला. दोघी अनोळखी.

"तू सिरा नाहीस," नफी हळूच म्हणाली.

"मी आवा."

नफीचं तोंड लाजेने उतरलं. ती बाळ परत द्यायला लागली. आवाने ते घेतलं नाही.

"माझी आई गेल्या वर्षी गेली," ती म्हणाली. "एवढं मन लावून आज कुणीच काही मागितलं नव्हतं त्याच्यासाठी. लापशी संपवा, मग जा."

नफीने लापशी संपवली. लातिरने दोनदा घेतली. मग आवाच्या नणंदेने गाडीत बसून वाट दाखवली. सिराचं घर दोनच गल्ल्या पलीकडे होतं.

तिथे सगळं उरकलं होतं. जावळ काढून झालं होतं, इमामाने बाळाच्या कानात 'अन्सू' हे नाव सांगितलं होतं.

"आई, कुठे होतीस तू? सगळे खोळंबले होते."

लातिर म्हणाला, "रागवू नकोस, ताई. आधी मोठ्या नातवाला भेटून आलो."

हकिगत कळल्यावर सिराला हसू येत होतं आणि रागही येत होता. नफीने अन्सूला उराशी धरलं. त्याचं कपाळ तर कुणासारखंच नव्हतं.

दुपार कलल्यावर दारात आवा उभी राहिली. साधे कपडे, कडेवर बाळ, मागे नणंद. "आमच्या बाळाची आजी इथेच उतरलीय ना?"

सिराने हातातलं ताट खाली ठेवलं आणि आजीच्या शेजारी आणखी एक चटई अंथरली.