डबीतला आवाज

बशा मांडता मांडता चिमीने टेबलावरची डबी उचलली आणि कपाटात चादरींच्या खाली सारून दिली. बाबा खुर्चीत बसून बघत होते.

"आजच्या दिवस फक्त, बाबा. पाटी आहे ना तुमच्याजवळ."

बाबांनी मान डोलावली.

डबी म्हणजे बाबांचा आवाज. घशाच्या ऑपरेशनमध्ये खरा आवाज गेला, तेव्हा जन्मभर व्हिडिओ गेमची मशीनं दुरुस्त करणारा हा माणूस रडत बसला नाही. दुकानातल्या एका जुन्या मशीनमधली बोलणारी चिप त्यांनी तिचे तारेसारखे बारीक पाय सांभाळत काढली, डबीत बसवली आणि तिला बटणं लावली. अडचण एवढीच की चिप अंतराळयुद्धाच्या खेळातली. तिला येणारी वाक्यं मोजकी, आणि सगळी लढाईची. पण बाबांचं त्यात भागायचं. चहात साखर कमी पडली की डबी घोगऱ्या, लोखंडी आवाजात म्हणे, "इंधन संपलं." दारात विमा एजंट दिसला की, "शत्रू आला." घरात हसून हसून पुरेवाट व्हायची. बसमध्ये मात्र रिकामी जागा दाखवायला त्यांनी "डावीकडून हल्ला" लावलं, अख्खी बस वळून पाहू लागली आणि चिमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर ती त्यांच्याबरोबर बसने गेली नाही.

आज तिचे होणारे सासूसासरे पहिल्यांदाच घरी येत होते.

ते आले. माणसं चांगली होती. सासरे बाबांच्या समोर बसले आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडत म्हणाले,

"तब्येत! बरी! आहे ना?"

बाबांचे कान ठणठणीत होते. त्यांनी पाटीवर 'उत्तम' लिहिलं. ते लिहून होईपर्यंत बोलणं हॉलच्या भाड्यावर गेलं होतं. दोनतीनदा असंच झालं. मग त्यांना कुणी काही विचारेना. शेवटी सासूबाई चिमीकडे वाकल्या आणि बाबांच्या देखतच म्हणाल्या,

"कळतं ना गं त्यांना सगळं?"

"हो... म्हणजे, कळतं तसं," चिमी म्हणाली आणि तिने बिस्किटांची बशी पुढे केली.

बाबांनी पाटी मांडीवर उलटी ठेवली.

चिमीचे कान तापले. 'तसं' हा शब्द तिचा होता, कुणी तिच्या तोंडात घातला नव्हता. ती उठली, चादरींखालून डबी ओढून काढली आणि बाबांच्या पुढ्यात ठेवली.

"बोला, बाबा."

बाबांनी हात लावला नाही. मग तिनेच बटण दाबलं. नुसतं टिक वाजलं. दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. पाहुणे डबीकडे बघून भिडेखातर हसत होते.

बाबांनी पाटी सुलटी केली. 'चिप कालच मशीनमध्ये परत बसवली.'

"का?"

'डबी नको, हे तुला सांगायची वेळ येऊ नये म्हणून.'

चिमीला पाटी धड दिसेना. तिने डोळे पुसले.

"मग काढून आणा परत. आत्ताच आणा."

बाबांनी मान हलवली. 'पुन्हा काढली तर पाय मोडतील. जुनी आहे.'

"अगंबाई, कुणाचे पाय?" सासूबाईंनी काळजीने विचारलं.

"त्यांना सगळं कळतं," चिमी एकदम म्हणाली. तिचा आवाज नको तितका चढला होता. "तुम्ही काय विचारलंत ते कळलं, मी काय म्हटलं ते कळलं. मला त्यांच्या बोलण्याची लाज वाटते, हे तर त्यांना माझ्याआधी कळलं."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

बाबांनी घाईघाईने बाहीने पाटी पुसली, काहीतरी लिहिलं आणि चिमीला दिसू नये अशा बेताने पाहुण्यांपुढे धरली. पण तिने वाकून वाचलंच.

'पोरगी सकाळपासून राबतेय, दमलीय. मनावर घेऊ नका.'